'डाउन' म्हणजे खाली, मग 'डाउन्स' म्हणजे टेकड्या कशा?



आज एकाच शब्दाबद्दल लिहिते आहे. शब्द इंग्रजी आहे, 'डाउन्स'. स्पर्धा परीक्षेच्या शब्दयाद्यांमध्ये तो अधूनमधून भेटतो आणि त्याच्यापुढे अर्थ छापलेला असतो, 'खडूच्या गोलाकार टेकड्या'. बस्स, तीन शब्द. मुलं पाठ करतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात.

आमच्या पाचवीच्या वर्गात हा शब्द फळ्यावर आला, तेव्हा दोन प्रश्न आले. पहिला प्रश्न एका मुलीचा, "बाई, खडूची टेकडी म्हणजे कारखान्यात तुटके खडू टाकतात त्याचा ढीग का?" वर्ग हसला. दुसरा प्रश्न मागच्या बाकावरून आला, "डाउन म्हणजे खाली ना? मग टेकडी तर वर असते!" यावर कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांनाच तो प्रश्न पडला होता.

पालकसभेत हे सांगितलं तेव्हा एक वडील म्हणाले, "बाई, परीक्षेत एवढंच विचारतात, अर्थ पाठ झाला की झालं." त्यांचंही चुकत नाही. मार्क मिळायलाच हवेत. पण बघा, हे दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत आणि दोन्हींना उत्तरं आहेत. "इंग्रजी भाषाच अशी विचित्र आहे, पाठ कर" असं आपण म्हणालो, की मूल त्यातून एकच गोष्ट शिकतं: शब्दाला प्रश्न विचारायचा नसतो. पुढच्या वेळी ते विचारतच नाही. म्हणून या एका शब्दाचा माग घेऊया. तुम्हाला वर्गात किंवा घरी सांगायला उपयोगी पडेल अशा बेताने लिहिते.

आधी साधा अर्थ

इंग्लंडच्या दक्षिण भागात कमी उंचीच्या, गोल माथ्याच्या, गवताने झाकलेल्या टेकड्यांच्या लांबच लांब रांगा आहेत. त्यांच्या पोटात पांढरा, मऊ चुनखडीचा दगड आहे. या प्रदेशाला 'डाउन्स' म्हणतात. दोन रांगा जास्त प्रसिद्ध आहेत, 'नॉर्थ डाउन्स' आणि 'साउथ डाउन्स'. साउथ डाउन्सवरून विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशी सुमारे १६० किलोमीटरची पायवाट जाते. बीची हेड नावाच्या ठिकाणी ही टेकड्यांची रांग समुद्राला भिडते आणि तिथे १६२ मीटर उंचीचा पांढराशुभ्र कडा उभा आहे. नॉर्थ डाउन्स जिथे समुद्राला भिडतात, ते डोव्हरचे पांढरे कडे. नकाशात इंग्लंड आणि फ्रान्स सर्वांत जवळ येतात ती जागा शोधा, डोव्हर तिथेच सापडेल.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगते. साउथ डाउन्समधली बट्सर हिल ही मोठी टेकडी २७१ मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे अशा सहा टेकड्या एकावर एक ठेवल्या तर कळसूबाई. मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला द्या, गुणाकारही होतो.

पहिला प्रश्न: खडूची टेकडी म्हणजे काय?

आपण ज्याला खडू म्हणतो ती लिहायची कांडी. इंग्रजीत 'चॉक' हे आधी दगडाचं नाव आहे आणि मग कांडीचं. या दगडाचे तुकडे फळ्यावर उमटायचे, म्हणून कांडीला दगडाचं नाव मिळालं. मराठीत अनुवाद करताना 'चॉक'ला सरळ 'खडू' लिहिलं, की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे खोकं येतं, दगड येत नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. तिने शब्द नीट वाचला होता, अनुवाद अर्धा होता.

हा दगड तयार कसा झाला? सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी आजच्या दक्षिण इंग्लंडच्या जागी उबदार समुद्र होता. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ तरंगत असे. त्या शेवाळाच्या अंगावर चुन्याच्या बारीक बारीक चकत्या असत. शेवाळ मेलं की चकत्या तळाशी जायच्या. हजारो वर्षांत काही सेंटिमीटर गाळ साठायचा. असं कोट्यवधी वर्षं चाललं आणि शेकडो मीटर जाडीचा थर झाला. मग जमीन वर उचलली गेली आणि समुद्राचा तळ टेकडी झाला. डाउन्सवर चालणारा माणूस खरं तर जुन्या समुद्राच्या तळावर चालत असतो, हे सांगितलं की मुलं एकदम सावरून बसतात.

त्या काळाला भूगर्भशास्त्रात 'क्रेटेशियस' म्हणतात. लॅटिनमध्ये 'क्रेटा' म्हणजे हाच पांढरा दगड. एका दगडाने पृथ्वीच्या इतिहासातल्या एका अख्ख्या काळाला नाव दिलं. आणि याच काळाच्या अखेरीस, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या महाराष्ट्रात काय चाललं होतं? जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर येत होता, थरावर थर साचत होते. त्यातून आपला काळा पाषाण झाला. तिकडे पांढरा दगड, इकडे काळा दगड. मुलांना दोन्ही शेजारी शेजारी सांगा, चांगलं लक्षात राहतं.

टेकड्या गोल का?

'गोलाकार' हा शब्द यादीत छापलेला असतो, पण गोल का, हे कुणी सांगत नाही. त्याचं उत्तर दगडातच आहे.

आपला सह्याद्री आठवा. डोंगराला पायऱ्या पायऱ्या असतात. उभा कडा, मग सपाटी, परत कडा. लाव्ह्याचे काही थर कठीण आणि काही ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. आपल्या या दगडाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतल्या जिना या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. म्हणजे नावातच पायऱ्या आहेत.

डाउन्सचा दगड तसा नाही. तो बऱ्यापैकी एकसारखा, मऊ आणि सच्छिद्र आहे. पाऊस पडला की पाणी वरून वाहून न जाता आत मुरतं. पाणी वाहतच नाही, म्हणून खोल घळी पडत नाहीत. हिमयुगात जमीन गोठलेली असताना पाणी वरून वाहिलं आणि काही दऱ्या तयार झाल्या, पण आज त्या कोरड्या आहेत, तळाशी ओढा नाही. सगळं कसं गुळगुळीत, वळणावळणाचं. चादर झटकल्यावर तिच्यावर जशा लाटा येतात, तसा प्रदेश.

मुरलेलं पाणी पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. हे पाणी गाळून आल्यासारखं नितळ असतं. जगातल्या अशा बहुतेक नद्या इंग्लंडमध्येच आहेत. माणसांनी काय केलं? गावं पायथ्याला वसवली, जिथे झरे होते तिथे. वरच्या कोरड्या टेकड्यांवर मेंढ्या चारल्या. मेंढ्यांना पाणी मिळावं म्हणून वर चिकणमातीने लिंपून छोटी तळी केली. त्यांना 'ड्यू पाँड' म्हणजे दवाचं तळं म्हणतात, पण ती भरतात मुख्यतः पावसाने.

अजून एक गंमत. नॉर्थ आणि साउथ डाउन्स या दोन वेगळ्या रांगा मुळात एकाच थराच्या कडा आहेत. टम्म फुगलेली पुरी घ्या. वरचा पापुद्रा मधोमध काढून टाका. दोन्ही बाजूंना काय उरतं? दोन कडा. मधला उघडा पडलेला भाग म्हणजे 'वील्ड' नावाचा प्रदेश. म्हणूनच दोन्ही रांगांचा आतल्या बाजूचा उतार तीव्र आणि बाहेरच्या बाजूचा सौम्य आहे. हा पाठ डबा खायच्या सुट्टीआधी घेतला तर फारच उत्तम.

दुसरा प्रश्न: डाउन म्हणजे खाली, मग हे काय?

आता मागच्या बाकाकडे येऊ. हा प्रश्न मला जास्त आवडला, कारण याचं उत्तर शिक्षकांनाही चकित करतं.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, 'डून' असा शब्द होता. त्याचा अर्थ टेकडी. 'डाउन्स' मधला डाउन हा तोच, उच्चार बदलत बदलत इथपर्यंत आलेला. मग 'खाली' या अर्थाचा डाउन कुठून आला? तोही याच शब्दातून! जुने लोक 'ऑफ डूने' असं म्हणत, म्हणजे 'टेकडीवरून'. टेकडीवरून येणारा माणूस कुठे येणार? खालीच. हळूहळू पुढचा 'ऑफ' झिजत झिजत गळून पडला आणि नुसता 'डाउन' उरला. टेकडी मागे राहिली आणि दिशा तेवढी शिल्लक राहिली.

म्हणजे आपण रोज 'सिट डाउन' म्हणतो तेव्हा त्या डाउनच्या पोटात एक टेकडी आहे. वर्गात हे सांगितल्यावर मुलं खाली बसताना मुद्दाम "टेकडीवरून बसा" म्हणू लागली, हे वेगळंच.

यात विचित्र असं काही नाही. आपल्याकडे शब्द असेच फिरतात. 'घाट' घ्या. नदीच्या पायऱ्या म्हणजे घाट. डोंगर ओलांडायची वाट म्हणजेही घाट. इंग्रजांनी त्या वाटांचं नाव अख्ख्या डोंगररांगेला दिलं आणि सह्याद्री 'वेस्टर्न घाट्स' झाला. कोकणातला माणूस 'घाटावर गेला' म्हणतो तेव्हा तो वाटेवर उभा नसतो, पुण्याला किंवा कोल्हापूरला पोचलेला असतो. एका शब्दात पायरी, वाट, डोंगर आणि प्रदेश. आपल्याला सवय आहे म्हणून खटकत नाही, एवढंच.

रेल्वेचा डाउन तर आणखी मजेदार आहे. इंग्लंडच्या रेल्वेत लंडनकडे जाणारी गाडी 'अप' आणि लंडनपासून दूर जाणारी 'डाउन', अशी पद्धत पडली. तीच पद्धत आपल्याकडे आली आणि लंडनच्या जागी मुंबई आली. म्हणून मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी डाउन असते. आणि ही डाउन गाडी कर्जतच्या पुढे बोरघाट चढून लोणावळ्याला येते! मुलांना विचारा, गाडी डाउन आहे की अप? दोन्ही उत्तरं बरोबर येतील, फक्त कारण सांगायला लावा.

सावधान: सगळे 'डाउन' एक नाहीत

एक मूळ सापडलं की ते सगळीकडे लावायचा मोह होतो. तो टाळायला हवा.

उशीत भरतात ती पिसं, त्यांनाही इंग्रजीत डाउन म्हणतात. तो शब्द वेगळा, उत्तर युरोपातल्या भाषांमधून आलेला. गावांच्या नावातही असंच. विम्बल्डन आणि स्विंडन या नावांच्या शेवटी आहे ती आपली टेकडी. स्विंडन म्हणजे डुकरांची टेकडी. पण क्रॉयडनमधलं शेवटचं अक्षर बहुतेक अभ्यासकांच्या मते दरीवरून आलेलं आहे, म्हणजे नेमकं उलटं. आणि लंडनचा तर याच्याशी संबंधच नाही, ते रोमन काळातल्या 'लोंडिनिअम' पासून आलं. वाळूच्या टेकडीला आपण भूगोलात 'ड्यून' म्हणतो, तो मात्र याच शब्दाचा नातेवाईक आहे.

आता एक गोष्ट पालकांनी आणि शिक्षकांनी जरा थांबून वाचावी अशी. 'डाउन सिंड्रोम'. अनेकांना वाटतं की यातला डाउन म्हणजे खालचा, कमी. तसं अजिबात नाही. जॉन लँगडन डाउन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ मध्ये या स्थितीचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं आडनाव तिला मिळालं. आडनावांचे अभ्यासक सांगतात की 'डाउन' हे आडनाव टेकडीजवळ राहणाऱ्यांना पडलेलं. आपल्याकडे डोंगरे, टेकाडे असतात ना, तसंच. आता आपल्या वर्गांमध्ये अशी मुलं सर्वांबरोबर शिकतात. "तो डाउन आहे" असं कुणी बोललं आणि ऐकणाऱ्याच्या मनात 'खालचा' असा अर्थ उमटला, तर त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना ते किती लागत असेल. शब्दाचा उगम माहीत असलेलं मूल वर्गात हे समजावून सांगू शकतं. २१ मार्चला जागतिक डाउन सिंड्रोम दिन असतो. त्या दिवशी परिपाठात ही माहिती जरूर सांगा.

वाक्यात उपयोग कसा करायचा?

परीक्षेच्या दृष्टीने लक्षात ठेवायच्या गोष्टी पुढे देते.

१. टेकड्यांच्या प्रदेशासाठी शब्द बहुधा अनेकवचनात आणि मागे 'द' लावून येतो, 'द डाउन्स'. नुसतं 'डाउन' लिहिलं तर वाचणाऱ्याला 'खाली' वाटेल.

२. एका विशिष्ट टेकडीच्या नावात एकवचन चालतं. 'वॉटरशिप डाउन' हे सशांच्या गोष्टीचं पुस्तक मुलांनी ऐकलेलं असेल. रिचर्ड ॲडम्स यांचं ते पुस्तक १९७२ मध्ये आलं. ते नाव हॅम्पशायरमधल्या एका खऱ्या टेकडीचं आहे.

३. टेकडीवर जायचं असतं, म्हणून इंग्रज माणूस सहज म्हणतो, 'वी आर गोइंग अप ऑन द डाउन्स'. अप आणि डाउन एकाच वाक्यात, आणि वाक्य बिनचूक! हे वाक्य मुलांना द्या आणि मराठीत अर्थ लिहायला सांगा. 'आम्ही टेकड्यांवर जात आहोत' हे उत्तर आलं की शब्द कळला.

४. 'अप्स अँड डाउन्स' म्हणजे चढउतार, सुखदुःख. तिथे टेकड्यांचा संबंध लावू नये.

५. एप्सम डाउन्सवर १७८० पासून डर्बी ही घोड्यांची शर्यत होते. मोकळं, गवताळ, चढउताराचं मैदान, तेव्हा शर्यतीला जागा उत्तमच.

आणखी एक. इंग्रज जिथे जिथे गेले तिथे हा शब्द घेऊन गेले, खडू मात्र तिकडेच राहिला. उटीला गेलात तर 'वेनलॉक डाउन्स' नावाचा गवताळ भाग लागतो. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्यावरून ते नाव पडलं. सहलीवाले त्याच भागातला 'शूटिंग पॉइंट' दाखवतात. तिथे पांढरा दगड मुळीच नाही, पण लाटांसारखे गवताळ उतार बघून इंग्रजांना घर आठवलं असणार. ऑस्ट्रेलियात 'डार्लिंग डाउन्स' आहेत, १८२७ मध्ये ॲलन कनिंगहॅम या प्रवाशाने तिथल्या गव्हर्नरच्या नावावरून नाव ठेवलं. तिथली माती तर आपल्या कापसाच्या जमिनीसारखी काळी आहे. म्हणजे 'खडूच्या टेकड्या' हा अर्थ इंग्लंडपुरता पक्का धरा. बाहेर हा शब्द आकार सांगतो, दगड सांगत नाही.

मराठीत काय म्हणायचं?

हा प्रश्न वर्गात गटांना दिला आणि तासभर वाद झाला. मुलांनी सुचवलेले शब्द आणि त्यांच्या अडचणी अशा.

'डोंगर' म्हटलं तर फार मोठा होतो. 'टेकडी' बरी, पण ती सुटी एकटी वाटते आणि तिच्यावर झाडं, मंदिर काहीही असू शकतं. 'पठार' सपाट असतं. 'सडा' हा कोकणातला शब्द, पण तो जांभ्या दगडाचा आणि सपाट. 'माळ' किंवा 'माळरान' यात गवत आहे, मोकळेपणा आहे, मेंढ्या आहेत, पण चढउतार कमी. एक मुलगा धनगरवाड्यावरून येतो. तो म्हणाला, "बाई, माळ पण सगळा सपाट नसतो. आमच्या माळाला चढ असतो, मेंढरं पलीकडे गेली की दिसत नाहीत." मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, 'टेकड्यांचा माळ'. शब्दकोशात तो नसेल, पण आमच्या वर्गाच्या शब्दभिंतीवर आहे. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'पांढऱ्या चुनखडीच्या, गोल माथ्याच्या, गवताने झाकलेल्या टेकड्या'.

त्या मुलाचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं, कारण डाउन्सची गोष्ट मेंढ्यांशिवाय पूर्णच होत नाही. तिथलं गवत आखूड आणि दाट राहिलं ते शेकडो वर्षं मेंढ्या चरल्या म्हणून. त्या आखूड गवतात एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती सापडू शकतात. चराई थांबली की झुडपं माजतात आणि रानफुलं हटतात. साउथडाउन नावाची मेंढीची जातच या टेकड्यांवरून आली. आज साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यान आहे आणि गवत राखायला तिथे मुद्दाम मेंढ्या चारतात.

आपल्याकडे माळाला आपण काय म्हणतो? 'पडीक'. 'ओसाड माळ'. पण माळढोक पक्ष्याच्या नावातच माळ आहे, माळ संपला की तोही संपतो. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य करावं लागलं. ज्या मुलाच्या घरी चार पिढ्या मेंढ्या आहेत त्याला माळ पडीक वाटत नाही. इंग्रजीच्या तासाला त्याची माहिती सर्वांच्या उपयोगी पडली, तो त्या दिवशी दोनदा हात वर करून बोलला. एरवी तो इंग्रजीला गप्प असतो.

डाउन्सवरची छत्री

साउथ डाउन्सवर एक शब्द आपलाही आहे. ब्रायटन शहराजवळ, पॅचम गावाच्या वरच्या बाजूला, टेकडीवर पांढऱ्या संगमरवराची एक वास्तू उभी आहे. तिचं नाव 'छत्री'.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये लढताना जखमी झालेल्या भारतीय सैनिकांना ब्रायटनला आणलं जाई. तिथल्या राजवाड्यात, रॉयल पॅव्हिलियनमध्ये, त्यांच्यासाठी रुग्णालय केलं होतं. जे वाचले नाहीत त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. ज्या जागी चिता पेटल्या तिथेच स्मारक बांधलं आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी त्याचं अनावरण झालं. आराखडा केला होता ई. सी. हेन्रिकेस या मुंबईच्या वास्तुरचनाकाराने.

आपल्या मुलांना छत्री म्हणजे पावसाची छत्री. पुण्याजवळच्या मुलांनी वानवडीची शिंदे छत्री पाहिलेली असते, त्यांना दुसरा अर्थही माहीत असतो: थोर माणसाच्या दहनाच्या जागी बांधलेली वास्तू. इंग्लंडच्या गवताळ टेकडीवर या शब्दाला कुणी इंग्रजी पर्याय शोधला नाही. टेकडीला तिथलं नाव राहिलं आणि स्मारकाला आपलं. दरवर्षी जूनमध्ये तिथे लोक जमून त्या सैनिकांना वंदन करतात. इतिहासाच्या तासाला हे जोडून घेता येईल.

वर्गात आणि घरी करून बघा

१. अंड्याचं कवच, समुद्राचा शिंपला आणि शाळेतला खडू, तिन्हींवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. कवचावर आणि शिंपल्यावर बुडबुडे येतील, कारण त्यात चुना आहे. डाउन्सच्या दगडावरही येतात. शाळेतल्या खडूवर बहुतेक वेळा येणार नाहीत, कारण आताचे बरेच खडू जिप्समपासून करतात. म्हणजे नाव खडूचं आणि दगड दुसराच! लहान मुलांबरोबर मोठ्यांनी थांबावं, रस डोळ्यांत जाऊ देऊ नये.

२. खडूवर आणि काळ्या दगडावर पाण्याचा एकेक थेंब सोडा. खडू पाणी पितो, दगडावरून ओघळतं. डाउन्सवर ओढे का नाहीत आणि सह्याद्रीत पावसाळ्यात एवढे धबधबे का, याचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

३. ओल्या मातीतून किंवा वाळूतून दोन डोंगर करा, एक पायऱ्यांचा आणि एक गोल. नावं लिहा.

४. घरी आजी-आजोबांना विचारून चढउताराच्या जमिनीचे शब्द गोळा करायला सांगा. आमच्याकडे एका आठवड्यात टेकाड, माळ, खडी, उतरण, खिंड, कडा, पायथा, सोंड, दांड, घळ, पाणंद असे शब्द आले. पाणंद म्हणजे दोन बांधांमधली वाट, ती टेकडी नाही, यावर मुलांनीच आक्षेप घेतला. आक्षेप नोंदवला आणि शब्दही ठेवला.

पालकांना एक विनंती. मुलाने "असं कसं?" विचारलं तर लगेच उत्तर आलंच पाहिजे असं नाही. "चल, शोधू" एवढं म्हटलं तरी पुरे. शब्द शोधायला मोठं ग्रंथालय लागत नाही, चांगला शब्दकोश आणि थोडा वेळ लागतो. एका शब्दावर दोन तास गेले तर यादीतले वीस शब्द मागे राहतील, हे खरं आहे. ते पुढच्या आठवड्यात होतील. पण प्रश्न विचारायची सवय एकदा गेली की ती पुन्हा लावायला फार वेळ लागतो.

पुढच्या वेळी असाच एक शब्द घेऊ. तुमच्या भागात चढउताराच्या जमिनीला काय म्हणतात, ते तुमच्या वर्गातल्या मुलांकडून जरूर लिहून घ्या. तालुका बदलला की शब्द बदलतो, आणि त्या त्या जमिनीची ओळख तिथल्या लोकांनाच चांगली असते.